प्रश्न इंधनापेक्षा चुनखडीचा

भट्टीतला कोळसा बदलला की सिमेंटच्या कार्बन उत्सर्जनाचा प्रश्न सुटेल, असे अनेकदा म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे, कारण क्लिंकर (चुनखडी व माती भट्टीत भाजून होणारा सिमेंटचा मुख्य घटक) तयार होताना निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ६० टक्के वायू इंधनातून नव्हे, तर तापलेल्या चुनखडीतूनच बाहेर पडतो. म्हणून क्लिंकरच कमी वापरायला हवे. एलसी३ (लाइमस्टोन कॅल्साइन्ड क्ले सिमेंट) या सिमेंटात ते साधारण निम्म्यावर येते आणि त्याची जागा भाजलेली केओलिनयुक्त (केओलिनाइट हे खनिज असलेली) माती व न भाजलेली चुनखडी घेते. क्लिंकरला सुमारे १४५० अंश सेल्सियस लागतात, मातीला ७०० ते ८५० पुरतात. या सिमेंटाचे भारतीय मानक आयएस १८१८९ हे २०२३ मध्ये आलेही आहे.

हे सिमेंट वापरण्याच्या चर्चेत रस्ता आणि पूल एकाच मापाने मोजले जातात, ते मात्र मला पटत नाही. खाडीवरच्या पुलात या सिमेंटामुळे खाऱ्या पाण्यातले क्लोराइड फार हळू आत शिरते आणि सळई उशिरा गंजते, पण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपुढे ते थोडे दुबळे पडते, तेव्हा सळईवरच्या कव्हरमध्ये, म्हणजे काँक्रीटच्या थरात, काटकसर चालणार नाही. रस्त्याच्या स्लॅबमध्ये सहसा सळयांची जाळी नसते. तिथे खरी कसोटी काँक्रीट ओले ठेवण्यासाठी पाणी मारण्याची. सकाळी भिजवलेले गोणपाट दुपारी उन्हात कडकडीत वाळून, कडेला गुंडाळलेले मी कामावर पाहिले आहे. अशा हलगर्जीपणात कोणतेही मिश्र सिमेंट बदनाम होईल. शिवाय देशावरची काळी माती यासाठी उपयोगाची नाही, कारण तिच्यात केओलिनाइट नव्हे, प्रामुख्याने माँटमोरिलोनाइट हे वेगळे खनिज असते.