मधल्या सुट्टीतलं पाणी: तुमच्या शाळेत कोण भरायचं?

शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) परिशिष्टात शाळेत सुरक्षित, पुरेसं पिण्याचं पाणी हवं असं लिहिलंय. कागद राहू द्या. मधल्या सुट्टीत पाणी कुठून यायचं, कोण भरायचं, ते सांगा. खिचडीवर बोलून झालंय, इथे फक्त पाणी.

गुहागरवाली: शाळेला विहीर होती. सातवीच्या मुलींना पाळ्या, कुणी पाणी शेंदायचं, कुणी झाडायचं. मुलगे? ते क्रिकेट खेळायचे. पिंपाजवळची मुलगी ओगराळ्याने वरून ओतायची, आम्ही ओंजळीने प्यायचो.

मास्तर_लातूर: २०१६ चा उन्हाळा. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, पण ते लातूर शहराला. आमच्या गावाला टँकर, तोही कधी दुपारी, कधी रात्री. त्यातच सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागात सुट्टीतही आहार द्यायला सांगितलं. निर्णय योग्यच होता. तांदूळ होता, मटकी होती. खिचडी शिजायला पाणी लागतं हे साहेबांनाही कळतं; ताटं धुवायला त्याहून जास्त लागतं हे स्वयंपाकाच्या ताईंनाच माहीत. शेवटी ताटं घरून आणा, घरीच धुवा असं ठरवलं. टँकर आला की ताई आधी शाळेच्या घागरी भरायच्या, मग घरच्या. मानधन महिना हजार रुपये, त्यात पाणी वाहणं धरलेलं नव्हतं. तरी पिंप तळाला गेलं की पोरं पाणी प्यायला घरी पळायची आणि निम्मी परतायचीच नाहीत.

पुणेकर आई: आमच्या शाळेत फिल्टर झकास आहे. तरी लेक बाटली भरलेलीच परत आणते. खोदून विचारलं तर म्हणे, प्यायलं की जावं लागतं, आणि तिथे दाराला कडी नाही. पालकसभेत विषय काढला की फिल्टरच्या सर्व्हिसिंगचा कागद दाखवतात! केरळात २०१९ पासून शाळांत पाण्यासाठी घंटा वाजवतात म्हणे. इथे आधी कडी बसवा.

सॅन होजे: अमेरिकेत जेवणाच्या जागी पाणी फुकट ठेवलंच पाहिजे, हे २०१० च्या कायद्यात आहे. लेकाच्या शाळेत त्याचा अर्थ भिंतीवरचं एक कारंजं, पुढे लांब रांग. आम्ही काही पालकांनी पिंप आणि पेले मागितले. मिळाले. आता पोरं पितात, सांडतातही भरपूर.

वाचक७१: गुहागरवाली, ‘वरून ओतायची’ वाचून थांबलो. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत शिपायाने वरून ओतलं तरच पाणी मिळायचं. तुमच्याकडे ओगराळं कुणाच्या हातात असायचं?

गुहागरवाली: पाळीवाल्या मुलींच्या. पण बौद्धवाडीतल्या दोघी वर्षभर झाडण्याच्याच पाळीत होत्या. बाईंनी तसं सांगितल्याचं आठवत नाही, कुणी बदलून मागितल्याचंही नाही. त्यातली एक अजून संपर्कात आहे. तिला धागा पाठवलाय, लिहायचं की नाही ते ती ठरवेल.