माशांसाठी पानांचा काढा: घरी उकळावा का?

धागाकर्ता
टाकीतलं पाणी 'काळं' (म्हणजे चहासारखं तपकिरी) करायला बाटलीबंद अर्क विकत आणणं मी सोडलंय. देशी बदामाची गळून पडलेली, खडखडीत वाळलेली दहा पानं धुवायची, दोन लिटर पाण्यात मंद आचेवर पाऊण तास उकळायची, निवल्यावर सुती फडक्यातून गाळायची. काढा फ्रिजमध्ये ठेवायचा. (बाटलीवर 'माशांचं' अशी चिठ्ठी लावा. का ते विचारू नका.) ८० लिटरच्या टाकीत रोज अर्धा कप, हवा तो रंग येईपर्यंत. माझे कार्डिनल टेट्रा मासे आधी कोपऱ्यात दबून असायचे, आता मधोमध फिरतात. मग विकतचा कशाला? मतं येऊ द्या.

जुनी टाकी
असहमत. विकतचा नको हे ठीक, पण उकळायचंच कशाला? पान सरळ टाकीत सोडा. त्यावर बुळबुळीत थर चढतो, कोळंबी आणि पिल्लं दिवसभर तो खरवडत बसतात, शेवटी नुसती शिरांची जाळी उरते. काढ्यात यातलं काय मिळतं? मी एकदा हौसेनं अख्खी बाटली एकदम ओतली होती. सकाळी पाणी दुधाळ, मासे वर येऊन तोंडं उघडमीट करतायत. पानांतून उतरलेल्या ऐवजावर जिवाणू माजले आणि ऑक्सिजन त्यांनीच संपवला.

केएच किती?
तुम्ही दोघं रंगावरच भांडताय. कार्डिनल जिथले, त्या ॲमेझॉन खोऱ्यातल्या रिओ निग्रो नदीचं पाणी आम्लधर्मी आहे ते निव्वळ पानांमुळे नाही, त्यात क्षारच जवळपास नाहीत. माझ्या नळाचा केएच (पीएच घसरू न देणाऱ्या कार्बोनेट क्षारांचं माप) ९. महिनाभर काढा घातला, पाणी कोऱ्या चहासारखं झालं, पीएच ७.८ वरून तसूभर हलला नाही. आरओचं पाणी मिसळून केएच २ वर आणला, तेव्हा कुठे तोच काढा लागू पडला.

धागाकर्ता
केएचचं मान्य, ते मूळ धाग्यात लिहायला हवं होतं. पण पीएच हलला नाही म्हणजे काढा वाया, हे पटत नाही. टॅनिन, ह्युमिक आम्लं पाण्यात येतातच, उजेड मंदावतो, बुजरे मासे धीट होतात. आणि @जुनी टाकी, पाणी बदललं की रंग फिका पडतो. नवं पान भिजून पाझरेपर्यंत थांबायचं का? मी बदलायच्या बादलीतच आधी काढा घालतो.

जुनी टाकी
बादलीचा मुद्दा बरा आहे. बाकी मत कायम.

केएच किती?
आरओवाल्यांनो, केएच शून्याजवळ नेऊन बेतानं. पीएच ६ च्या खाली गेला की फिल्टरमधले जिवाणू सुस्तावतात आणि कचरा अमोनियम होऊन साठत जातो. त्या रूपात तो फारसा बाधत नाही, म्हणून मासे ठणठणीत दिसतात. मग कुणीतरी अर्धी टाकी नळाच्या पाण्यानं बदलतं, पीएच वर चढतो, त्याचा पुन्हा अमोनिया होतो आणि तासाभरात मासे धापा टाकायला लागतात. लोक दोष देतात पानांना.

नवखा
पेरूची पानं चालतील का? आणि मी गेले तीन आठवडे काढा घालतोय, पण दोन दिवसांत पाणी पुन्हा काचेसारखं. जास्त पानं उकळू का?

धागाकर्ता
पेरूची चालतात, पण वाळलेलीच, फवारणी न झालेल्या झाडाची. पानं वाढवू नका. फिल्टरमध्ये कार्बन (रंग शोषून घेणारा कोळसा) आहे का? असेल तर आधी तो काढा, मग काढा ओता.

नवखा
आहे. परवाच नवीन भरलाय.