मदत हवी आहे : ९७ वी घटनादुरुस्ती नक्की रद्द झाली का? (सोसायटीच्या एजीएमआधी कळायला हवंय)

नमस्कार मंडळी,
मी अकाउंट्सवाला माणूस, कायद्याशी संबंध रिटर्न भरण्यापुरता. बोरिवलीत राहतो, सोसायटीच्या कमिटीवर आहे, म्हणजे कोणी तयार नव्हतं म्हणून बसवलंय. आता एजीएम तोंडावर आलीय आणि बी विंगमधल्या एका रिटायर्ड काकांनी ग्रुपवर टाकलंय की सुप्रीम कोर्टाने ९७ वी घटनादुरुस्ती उडवली, त्यामुळे कमिटीची पाच वर्षांची मुदत, निवडणुकीचे नियम सगळं आपोआप बाद. त्यावर आमचे सेक्रेटरी म्हणतात की सहकारी संस्था काढणं हा आता मूलभूत हक्क आहे, घटनेत लिहिलंय, त्याला कोर्ट हात लावूच शकत नाही. दोघंही एवढं ठासून बोलतात की बाकीचे नुसते अंगठे दाखवतायत.

मी थोडं वाचलं. दुरुस्ती २०११ ची, लागू झाली १५ फेब्रुवारी २०१२ ला. कलम १९(१)(सी) मध्ये, म्हणजे संघटना काढण्याच्या मूलभूत हक्कात, सहकारी संस्था घातल्या, ४३ बी हे नवीन मार्गदर्शक तत्त्व आलं आणि भाग नऊ बी जोडला, ज्यात संचालक २१ पेक्षा जास्त नकोत, मुदत पाच वर्षं, ऑडिट वगैरे. इथपर्यंत ठीक. पण जी गोष्ट संसदेने दोन तृतीयांश मतांनी पास केली ती कोर्ट कशी काय उडवतं? केशवानंद भारतीवालं बेसिक स्ट्रक्चर म्हणतात ते हेच का? आणि भाग उडाला असेल तर आमची कमिटी कुठल्या जोरावर बसलीय? कोणी सोप्या भाषेत सांगेल का, लेख नका पाठवू प्लीज, अर्ध्या पानात झोप येते.

गिरगावकर :
बेसिक स्ट्रक्चरचा इथे काही संबंध नाही. तो १९७३ चा मामला, तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा, की संसद घटना बदलू शकते पण तिचा मूळ गाभा मोडू शकत नाही. (जाता जाता, त्या केसमध्ये एका बाजूला पालखीवाला आणि केरळ सरकारच्या बाजूने सिरवई, दोघंही आपल्या मुंबईचे वकील.) तुमच्या ९७ व्या दुरुस्तीत मजकूर चुकीचा आहे असं कोर्ट म्हणालंच नाही. पास करायची पद्धत चुकली एवढंच.

कलम ३६८ काढा, घटना दुरुस्त करायची पद्धत त्यात आहे. तुम्ही अकाउंट्सवाले ना, मग हिशोबच करू. लोकसभेच्या ५४३ जागा, म्हणजे आधी किमान २७२ मतं हवीतच, शिवाय त्या दिवशी ४५० जणांनी मतदान केलं तर त्याचे दोन तृतीयांश म्हणजे ३००. दोन्ही अटी एकदम, आणि तेच परत राज्यसभेत, संयुक्त बैठकीची सोय नाही. बऱ्याच दुरुस्त्या एवढ्यावर होतात. पण राज्यांच्या अधिकाराला हात लागत असेल, म्हणजे सातव्या परिशिष्टातल्या याद्या (कुठल्या विषयावर केंद्राने कायदा करायचा आणि कुठल्या राज्याने) वगैरे, तर वरून निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. सहकारी संस्था हा राज्यसूचीतला ३२ वा विषय. भाग नऊ बी ने ती नोंद यादीतून हलवली नाही, पण त्या विषयावर राज्याने कायदा कसा करायचा याला दिल्लीतून एवढ्या अटी घातल्या की अधिकार नावापुरता राहिला. आणि राज्यांना विचारलंच नव्हतं. आधी २०१३ ला गुजरात हायकोर्टाने आणि मग २० जुलै २०२१ ला सुप्रीम कोर्टाने तेच धरलं.

याउलट जीएसटीची १०१ वी दुरुस्ती बघा, २०१६ ची. राज्यसूचीतली ५२ वी नोंद, जिच्यावर जकात उभी होती, ती काढून टाकली. मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यावर ट्रकच्या रांगा लागायच्या त्या २०१७ च्या जुलैपासून गेल्या. पण तिथे राज्यांची संमती आधी घेतली होती म्हणून त्या मुद्द्यावर कोणाला बोट ठेवता आलं नाही. नगरपालिकांची ७४ वी दुरुस्तीही तशीच राज्यांकडून मंजूर होऊन आलेली.

रात्रपाळी :
मग १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन तुकडे केले तेव्हा किती राज्यांना विचारलं होतं? की त्याला चालतं?

गिरगावकर :
गंमत तीच आहे. त्याला ३६८ लागतच नाही. कलम ३ खाली साधा कायदा, साधं बहुमत. विधेयक संबंधित राज्याच्या विधिमंडळाकडे मत द्यायला पाठवतात पण ते मत संसदेवर बंधनकारक नाही, आणि कलम ४ सरळ म्हणतं की असा कायदा ३६८ पुरता घटनादुरुस्ती धरायचा नाही. म्हणजे सोसायटीच्या ऑडिटला निम्मी राज्यं हवीत आणि आख्खं राज्य फोडायला नकोत. मला विचाराल तर हे उलटं आहे, पण घटनाकारांना तेव्हा नकाशा पटापट बदलता यायला हवा होता, हेही खरं.

उपविधीवाला :
मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. काका आणि सेक्रेटरी दोघंही अर्धेच बरोबर आहेत. १९(१)(सी) मधली भर आणि ४३ बी शाबूत आहे, ते प्रकरण फक्त भाग नऊ बी चं होतं. आणि नऊ बी सुद्धा पूर्ण गेला नाही, मल्टिस्टेट, म्हणजे एकापेक्षा जास्त राज्यांत काम करणाऱ्या सोसायट्यांना तो अजून लागू आहे. तीन न्यायाधीश होते, राज्यांची संमती हवी होती यावर तिघांचं एकमत, मल्टिस्टेटपुरता तो ठेवायचा का यावर दोन विरुद्ध एक. तुमची बोरिवलीची सोसायटी मल्टिस्टेट नाही, म्हणून तुम्हाला नऊ बी नाही.

पण तुमची कमिटी घटनेच्या त्या भागावर बसलेलीच नाही हो! ती बसलीय महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० वर. ९७ वी आल्यावर आपल्या विधिमंडळाने २०१३ ला त्या कायद्यात बदल केले, मग २०१९ ला हाउसिंगसाठी वेगळं प्रकरण आणलं, कलम १५४ ब, आणि २५० पर्यंत सभासद असतील तर निवडणूक स्वतः घ्यायची मुभा दिली. सहकार हा राज्याचाच विषय, त्यामुळे हे करायला राज्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. सुप्रीम कोर्टाने राज्याचा हा कायदा रद्द केलेला नाही, उलट हा विषय राज्याचाच असं सांगितलंय.

धागाकर्ता :
आत्ता कुठे डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे ग्रुपवर असं टाकू का : "नऊ बी राज्यातल्या सोसायट्यांना लागू नाही, पण पाच वर्षांची मुदत राज्याच्या कायद्यातून येते, म्हणून निवडणूक वेळेवरच घ्यायची." आमचे ११२ फ्लॅट आहेत, म्हणजे २५० च्या आत.

उपविधीवाला :
टाका. सोबत १५४ ब ची प्रत प्रिंट काढून नोटीस बोर्डवर लावा, काका लिफ्टची वाट बघताना वाचतील. आणि निवडणूक अधिकारी कोण ते कमिटीची मुदत संपायच्या बरंच आधी ठरवून ठेवा, बहुतेक सोसायट्यांची गाडी घटनेपाशी नाही, तिथेच अडते.