मालवणहून आंबोलीला बिऱ्हाड हलवतोय, सोबत दोन मुलं. तिथल्या पालकांशी बोलायचं आहे

सुरंगी (मालवण)

नमस्कार. आम्ही मालवणचे. घरचंच न्याहारी-निवास आहे, मागच्या अंगणात पाहुण्यांच्या खोल्या. आता मिस्टरांनी दिरांबरोबर आंबोलीत एक हॉटेल चालवायला घेतलंय. एप्रिलमध्ये सामान न्यायचं आणि जूनपासून मुलांना तिथल्या शाळेत घालायचं असं चाललंय. मुलगी सातवीत जाईल, मुलगा तिसरीत.

पर्यटकांच्या गावात मुलं वाढवणं मला नवं नाही. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, त्यानंतर आमचा किनारा कसा बदलत गेला ते डोळ्यांदेखत बघितलंय. त्यातलं चांगलं आम्हीही खाल्लंय, घर त्यावरच चालतं. पण आमच्या आळीतली नववी-दहावीची पोरं शनिवार-रविवारी स्कूबाच्या होड्यांवर जातात, हातात नोटा येतात आणि मग वर्गात बसवत नाही, हेही बघतेय. मुलाबद्दल मला ती भीती आत्तापासून आहे.

तरी मालवणात आम्हाला पावसाळा आहे. १ जूनला मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या, किल्ल्यावर जाणारी होडी बंद, पाहुणे बंद. नेमकी तेव्हाच शाळा सुरू होते. नारळी पौर्णिमेपर्यंत आम्ही दोघंही घरात. सकाळी पेज, संध्याकाळी अभ्यास, रात्री सगळे एका ताटाला. मे महिन्यात मुलं आमच्या तोंडाकडे बघत फिरतात, ती उणीव आम्ही जून-जुलैत भरून काढतो.

आंबोलीचा सीझन म्हणजे तोच पाऊस. शाळा सुरू होणार आणि हॉटेलही भरणार. मग माझ्या मुलांच्या वाट्याला आम्ही कधी येणार? हा माझा मुख्य प्रश्न आहे. शाळा, डॉक्टर, रस्ता याबद्दलही कोणी सांगितलं तर बरं होईल. राहायला हॉटेलच्याच मागे, स्वयंपाकघराला लागून दोन खोल्या मिळतायत. जमलं तर पुढे थोडी जागा घ्यावी असंही मनात आहे.

घाटमाथ्यावरची (आंबोली)

ताई, तुमचा प्रश्न वाचून थांबले, कारण इथे येणारे सगळे आधी पावसाचंच विचारतात. मी लग्न होऊन इथे आले, माहेर वेंगुर्ल्याचं. म्हणजे तुम्ही जो पावसाळा सांगताय तो मी अनुभवलाय आणि सोडलाय. दोन मुली आहेत, मोठी दहावीला.

आधी खोल्यांचं. हॉटेलमागच्या खोल्यांत मुलं ठेवू नका. दोन पैसे जास्त गेले तरी बाजाराजवळ किंवा वाडीत वेगळं घर भाड्याने घ्या. जुलै-ऑगस्टच्या शनिवारी रात्री इथे काय चालतं ते तुम्हाला किनाऱ्यावर दिसलं नसेल असं नाही, पण तिकडे माणसं पांगलेली असतात. इथे धबधब्यावर दिवसभर भिजून, पिऊन आलेले लोक छपराखालीच असतात. बाहेर बसायला पाऊस देत नाही, त्यामुळे आवाज, गाणी, भांडणं सगळं भिंतीला भिंत लागून. तुमची मुलगी सातवीतली. जाता-येता तिने त्यातून वाट काढावी असं कोणत्या आईला वाटेल? शिवाय घर हॉटेलात असलं की आईला हाक मारणारा पाहुणा पहिला आणि मूल दुसरं. पाणी द्या, टॉवेल द्या, भजी द्या. वेगळ्या घराला दार असतं, ते लावता येतं.

आता वेळेचं. आमचं गणित असं बसलंय: सोमवार ते गुरुवार हॉटेलं अर्धी रिकामी असतात, तोच आमचा रविवार. सोमवारी संध्याकाळी आम्ही काही म्हणजे काही काम ठेवत नाही. मुली शाळेतून आल्या की चौघं घरात. मे महिना आणि दिवाळीनंतरचे थंडीचे दिवसही मोकळे मिळतात. मेमध्ये थोडे पाहुणे असतात, पण पावसासारखी झुंबड नाही, आणि तेव्हा मुलांना सुट्टी असते. तुम्ही जून-जुलैत भरून काढता ते आम्ही मेमध्ये काढतो. मालवणात मे महिन्यात तुमची मुलं तुमच्या तोंडाकडे बघतात ना? इथे मेमध्ये ती तुमच्याबरोबर हिरण्यकेशीच्या देवळाकडे येतील.

एक मात्र पक्कं ठरवा. शनिवार-रविवारी मुलांजवळ कोण असणार? सासूबाई, आई, मावशी, कोणीही चालेल, पण घरचं मोठं माणूस हवं. धबधब्याजवळ कणसं, चहा, भजीच्या टपऱ्यांवर शाळकरी मुलं उभी असतात. कोणाच्या घरी गरज असते, त्यांना मी बोल लावणार नाही. पण ज्यांच्या घरी गरज नाही त्यांचीही मुलं घरी कोणी नाही म्हणून तिकडे जातात. स्कूबाच्या होडीबद्दल तुम्ही जे लिहिलंत तेच इथे कणसाच्या गाडीवर होतं.

पाऊस वर्षाला साडेसात हजार मिलिमीटरच्या आसपास, तुमच्या किनाऱ्याच्या दुपटीहून जास्त. नुसते आकडे वाचून कळत नाही. जूनच्या मध्यापासून कपडे वाळत नाहीत. निखाऱ्याच्या घमेल्यावर डालगं पालथं घालून त्यावर गणवेश वाळवायचे, म्हणून गणवेशाचे जास्तीचे जोड शिवून घ्या. वह्यापुस्तकांना बुरशी धरते. आमच्याकडे पुस्तकांच्या कपाटात एक पिवळा बल्ब चोवीस तास लावलेला असतो, वीज असेल तेव्हा. ती पुष्कळदा नसते. मुलाला दम्याचा, धापेचा त्रास असेल तर निर्णयाआधी डॉक्टरांशी बोला. ओल आणि बुरशी छातीला वाईट. माझ्या धाकटीला दोन पावसाळे त्रास झाला.

शाळेच्या वाटेवर गवे दिसतात. घाबरायचं नाही, थांबायचं, ओरडायचं नाही, दगड मारायचा नाही, हे पहिल्याच आठवड्यात शिकवा. अंधार पडल्यावर टॉर्च आणि गमबूट हवेतच. चापडा हा विषारी साप इथल्या झुडपांत खूप, हिरव्या पानात कळतही नाही. मुलांना फांदीला हात घालायची सवय असते ती मोडायची.

हे सगळं लिहून भीती घालायची नाही. माझ्या मुलींना मी दुसरीकडे वाढवलं असतं असं मला कधी वाटलं नाही. रात्री पोर्चच्या दिव्याखाली बेडूक येतात, त्यांचे आवाज वेगवेगळे ओळखतात त्या. हिरण्यकेशीच्या देवळाजवळच्या कुंडातल्या छोट्या माशाची नवी जात म्हणून २०२० मध्ये नोंद झाली, आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. मोठी तेव्हा लहान होती. बाहेरून आलेले अभ्यासक गुडघ्यावर बसून पाण्यात बघत होते आणि तीही त्यांच्या शेजारी बसली होती. आता तिला प्राणिशास्त्रच शिकायचंय.

जागेचं शेवटचं: आंबोली, चौकुळ, गेळे इथे कबुलायतदार गावकर जमिनींचा, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक जमिनींच्या मालकीचा, जुना प्रश्न आहे. सातबारा वकिलाला दाखवल्याशिवाय कोणालाही बयाणा देऊ नका.

दस्तुरीपासून चालत

मी आंबोलीचा नाही, माथेरानचा. पण थंड हवेच्या गावातलं मूल कसं वाढतं ते मूल म्हणून सांगू शकतो. वडिलांचं लॉज होतं. मे महिना आणि दिवाळी, ज्या सुट्ट्यांची बाकीची मुलं वाट बघायची, त्यात आमच्या घरी कोणाला बोलायलाही वेळ नसायचा. आमची झोपायची खोलीसुद्धा पाहुण्यांना जायची. आम्ही भावंडं गॅलरीत.

मग एका वर्षी आईने सांगितलं, मुलांची खोली द्यायची नाही, कितीही गर्दी असो. वडील नाराज झाले. धंद्याचे दिवस मोजकेच, ते त्यांच्या जागी बरोबर होते. पण आई हटली नाही. त्या खोलीत आमचं टेबल होतं, माझ्या दगडांचा खोका होता, भिंतीवर बहिणीची चित्रं होती. सुरंगीताई, वरच्या ताई वेगळ्या घराचं म्हणतायत ते ऐका. वेगळं घर नाहीच जमलं तर निदान एक खोली मुलांच्या नावाची ठेवा आणि ऑगस्टच्या लाँग वीकेंडलाही ती देऊ नका.

माथेरानात मोटारगाड्यांना बंदी. लहानपणी लाल मातीत मोकळं हिंडलो, आईला गाडीची काळजी नव्हती. पण दप्तर घेऊन चढ चढत शाळेत जाणाऱ्या लहान मुलांचे हालही होते. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या, त्याचा पहिला आनंद शाळकरी मुलांना झाला. त्यासाठी एका निवृत्त शिक्षकांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत पाठपुरावा केला होता. गाव सुंदर आहे म्हणून तिथल्या मुलांचं सगळं आपोआप चांगलं होत नाही, कोणीतरी मागे लागावं लागतं.

आणि दहावीनंतर खाली उतरावंच लागतं. आम्ही नेरळ-कर्जतला आलो. ते वर्ष फार जड जातं. सीझनमध्ये शेकडो माणसं बघितलेली असतात, पण दोन दिवसांच्या पलीकडे मैत्री टिकवायची सवयच नसते. मुलांना गावाबाहेरचे, वर्षानुवर्षं भेटणारे मित्र आधीपासून असू द्या.

निवृत्त मास्तर, सावंतवाडी

ताई, काळजी करू नकात. दहावीपर्यंत आंबोलीत होईल. पुढे सावंतवाडीला, तीसेक किलोमीटर. एसटीने रोज ये-जा करणारी कित्येक मुलं माझ्या वर्गात होती. घाटात दरड आली किंवा रविवारी धबधब्याजवळ गाड्यांची रांग लागली तर एसटी अडकते, म्हणून अकरावीपासून पावसाळ्यापुरती तरी सावंतवाडीत नातेवाइकांकडे सोय बघा. शनिवारी दुपारच्या परतीच्या गाडीचा भरवसा धरू नका.

दवाखान्याचं कोणी लिहिलं नाही. आंबोलीत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, सावंतवाडीत उपजिल्हा रुग्णालय, आणि मोठं काही झालं की आपण सगळे गोव्याला बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जातो. घाट बंद पडला तर खाली येता येत नाही, तेव्हा वरच्या अंगाने आजरा-गडहिंग्लजकडे जाण्याचा रस्ता असतो. तिकडचा एक चांगला बालरोगतज्ज्ञ मे महिन्यातच शोधून, मुलांना एकदा दाखवून ठेवा. पावसात, रात्री, ताप चढल्यावर शोधत बसू नये.

सुरंगी (मालवण)

सगळ्यांचे मनापासून आभार. सोमवारच्या संध्याकाळीचं वाचून मिस्टरांना हाक मारली आणि वाचून दाखवलं. वेगळ्या घरावर ते राजी आहेत. सासूबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "माका थंडी सोसात काय बघूक व्हया, पण पोरांका एकटी सोडूचा नाय." मुलगी थोडी रडली, तिची मैत्रीण इथेच मालवणात दांडीला राहते. दर महिन्याला एकदा इकडे आणायचं कबूल केलंय, आणि गणपतीला तर यायचंच.

घाटमाथ्यावरच्या ताई, बाजाराजवळ भाड्याचं घर बघायला मार्चमध्ये येऊ का? उन्हात बघितलेल्या घराची ओल कशी ओळखायची?

घाटमाथ्यावरची (आंबोली)

मार्चमध्ये या, जेवायला आमच्याकडेच. घर बघताना भिंतीच्या रंगावर जाऊ नका, सीझननंतर सगळे रंग मारतात. कपाटं भिंतीपासून ओढून मागे बघा, लाकडी दारांचा खालचा भाग नखाने दाबून बघा, आणि पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पत्र्याचा किंवा झापाचा आडोसा बांधायला खुंट्या आहेत का ते विचारा. ज्या घरात चूल पेटवायला जागा आहे तेच घ्या, गॅसवर गणवेश वाळत नाहीत. सासूबाईंसाठी खोली चुलीला लागून असलेली बघू. माझ्या डोळ्यासमोर दोन घरं आहेत, फोन नंबर खासगी निरोपात पाठवते.