ऐकायला कोणतं वाद्य आवडतं? खान्देशकरांनो, लिहा

पांझराकाठ, धुळे

परवा आमच्या गल्लीतून वरात गेली. डीजे एवढा मोठा की मांडणीवरचे पितळी डबे एकमेकांशी बोलायला लागले. चौकात जनरेटर बंद पडला. नवरदेव घोड्यावर, पोरं हात वर करून तशीच उभी. मग कुणाला तरी आठवलं, मारुतीच्या पारापुरता सांगितलेला साधा बँड मागे आहे. त्यातल्या एका म्हाताऱ्याने क्लॅरोनेट तोंडाला लावलं. गाणं जुनंच, दर लग्नात वाजणारं. पण मी कणकेचे हात तसेच घेऊन गॅलरीत उभी राहिले ते जनरेटर सुरू होईपर्यंत.

शाळेत असताना याच आवाजाची मला लाज वाटायची. आमच्या वाड्याच्या मागच्या खोलीत एक बँडवाले भाड्याने राहायचे. एप्रिल-मे गावोगाव लग्नं वाजवायची आणि पावसाळ्यात दारात बसून क्लॅरोनेटच्या पट्ट्या पुसायच्या, असं त्यांचं वर्ष. मैत्रिणी आल्या की मी खिडकी लावून घ्यायचे. आता तो आवाज कुठून आला की मी चप्पल शोधते.

तर लिहा. वाजवता आलंच पाहिजे असं नाही. राग ओळखता आला नाही तरी चालेल. भूप आणि देशकार, सूर तेच पाच, त्यातला कोणता कोणता हे मला अजून कळत नाही. कोणतं वाद्य, कुठे ऐकलं आणि ऐकताना काय होतं, एवढं पुरे.

केळीवाला, रावेर

बासरी.

आमच्याकडे शेतीची लाइट रात्रीची यायची. अकरा-बाराला मोटर चालू करायची आणि बॅटरी घेऊन बागेत पाणी वळवत फिरायचं. ठिबक यायच्या आधीची गोष्ट. केळीच्या बागेत रात्री वारा नसला तरी पानं हलतात, कुणीतरी मागे चालतंय असं वाटतं. भीती घालवायला दोरीने गळ्यात ट्रान्झिस्टर. एकदा शनिवारी घरून लवकर निघालो होतो. शनिवारी रात्री आकाशवाणीवर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम असतो, 1952 पासूनचा, हे नंतर कळलं. मला वाटलं स्टेशन बिघडलं, कारण बराच वेळ एकच सूर चालू होता. खालचा, जाडा. बासरी म्हणजे चिवचिव, कृष्णाच्या सिनेमातली, एवढंच माहीत. ही बासरी घशातून आल्यासारखी. पुढे एका भजनी बुवांनी सांगितलं, एवढी लांब, 32 इंची बासरी मैफिलीत आणली ती पन्नालाल घोष यांनी. ते 1960 लाच गेले.

त्या रात्री पाणी कोणत्या सरीत चाललंय ते पाहायचं राहिलं. सकाळी बापाने विचारलं, 'दोन सऱ्या कोरड्या कशा राह्यल्या?' काय सांगणार!

बेंजोप्रेमी, चोपडा

ताई, क्लॅरोनेटला एवढा मान, मग आमच्या बेंजोने काय घोडं मारलं?

शास्त्रीयवाले नाक मुरडतील, मुरडू द्या. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा, उजव्या हातात नखी. आमच्या पार्टीतला वादक तेलाच्या डब्याचं प्लास्टिक कापून नखी करायचा. विकतची दोन गाण्यांत तुटते म्हणायचा. पिकअप लावून आवाज भोंग्यात सोडला की तापीच्या पलीकडे ऐकू जायचा (जरा जास्त सांगतोय, पण अलीकडच्या काठापर्यंत नक्की).

हे अमेरिकन बँजोचं भावंड असेल असं मला कित्येक वर्षं वाटायचं. तसं नाही. हे जपानचं. 1912 साली नागोया शहरात एकाने टाइपरायटरची बटणं पाहून ते बनवलं. तिथे त्याला ताइशोगोतो म्हणतात. इकडे येऊन ते बुलबुलतरंग झालं आणि आपल्याकडे नुसतं बेंजो. जपानी माणसाला चोपड्याच्या वरातीत उभं केलं तर त्याला ओळख पटेल का, सांगता येत नाही.

आणि वरातीत रुमाल तोंडात धरून पोरं ज्या बीनवर लोळतात ती बीनसुद्धा बीन नव्हे. 1954 च्या 'नागिन' चित्रपटात तो आवाज कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर काढला होता, जोडीला रवींची हार्मोनियम. म्हणजे विजेच्या वाद्याने बीनची नक्कल केली आणि आमचा बेंजो त्या नकलेची नक्कल करतो. तरी नाचणारा खराच लोळतो, पँटची माती खोटी नसते.

पायपेटी, जळगाव

बेंजोवाल्या भाऊंचं वाचून हसले. आता माझं ऐका.

माझं वाद्य ऑर्गन. आमच्याकडे त्याला पायपेटीच म्हणायचे. हार्मोनियमचा भाता हवा बाहेर ढकलतो, ऑर्गनचा आत ओढतो. म्हणून त्याचा आवाज भरीव, किंचित दमट, जुन्या लाकडी कपाटाचं दार उघडल्यासारखा. शिवाय भाता पायांनी चालतो, त्यामुळे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. नाटकाच्या पदाला ऑर्गनने सूर धरला की पडदा वर जाण्याआधीच अंगावर काटा यायचा.

बालगंधर्व लहानपणी काही काळ जळगावात होते आणि गाण्याची सुरुवातीची तालीम त्यांनी इथेच मेहबूब खाँ यांच्याकडे घेतली, हे आमच्या घरात जेवताना दर आठवड्याला एकदा तरी निघायचं. आजोबा असं सांगायचे, जणू स्वतः शेजारी बसून ऐकलंय. त्यांच्या आग्रहाने घरात सेकंडहँड पायपेटी आली. आजोबा जुनी पदं वाजवायचे. आम्ही दोघी बहिणी पॅडलजवळ पालथ्या पडून ऐकायचो, कारण खाली पोटात सूर वेगळा लागतो. आजोबा गेले, पेटी माळ्यावर गेली. एका पावसाळ्यात उंदरांनी भाता कुरतडला. दुरुस्तीला माणूस मिळेना. शेवटी भंगारवाल्याने पेटी उचलली. लाकडाचे वेगळे पैसे दिले, आतल्या पितळी पट्ट्यांचे वेगळे.

हार्मोनियमचं नशीबही काही मोठं नव्हतं म्हणा. 1940 साली रेडिओवर तिला बंदी झाली. ठेवलेल्या सुरांत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, येत नाही, हा आक्षेप. ती बंदी सैल व्हायला 1971 उजाडलं. एकतीस वर्षं! तोवर गावागावातल्या भजनी मंडळांनी तिला आपलं म्हणून टाकलं होतं, त्यांना कुणी विचारलंच नाही.

आता जानेवारीत बालगंधर्व महोत्सवाला जाते. साथीला ऑर्गन असेल त्या दिवशी पुढची जागा धरते.

मृदंग, मुक्ताईनगर

शहरात पखवाज म्हणतात, आम्ही मृदंग. डाव्या पुडीला कणीक लागते हे सगळ्यांना माहीत असेलच. कणकेचा गोळा थापला की चामडं जड होतं आणि तो 'धुम' खाली, पोटात उतरतो. कमी लावली तर पोकळ, जास्त लावली तर मुका.

मी दहा-अकरा वर्षांचा. सप्त्यात कीर्तन उभं राहायची वेळ झाली आणि मृदंगवाल्या बुवांनी मला पिटाळलं, 'पळ, घरून कणीक आण.' आईने परातीतला गोळा तोडून दिला. पोळ्यांचा. तेल-मीठ घातलेला! पहिल्या अभंगाला ठीक, दुसऱ्याला गोळा हळूहळू घसरायला लागला, आणि गजर ऐन रंगात असताना सुटून थेट टाळकऱ्याच्या पायावर पडला. बुवा थांबले नाहीत. डाव्या हाताने रिकाम्या चामड्यावर वाजवत राहिले, डोळ्यांनी मात्र मला शोधत होते.

आजही कोथळीहून मुक्ताबाईची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा माझं लक्ष आधी मृदंगाच्या डाव्या बाजूला जातं.

काठीची होळी, धडगाव

ढोल. आमचा ढोल गळ्यात अडकवला की माणूस दिसत नाही, नुसते पाय दिसतात. काठी गावची होळी पहाटे पेटते, तोवर रात्रभर नाच. नाचणाऱ्यांच्या कमरेला घुंगरं आणि वाळलेले दुधीभोपळे, तेही वाजतात. यावर जास्त लिहिणार नाही, एकदा या.

रनिंग रूम, भुसावळ

तंबोरा. हो, फक्त तंबोरा. वर गाणारा नसला तरी चालतो, खरं तर नसलेलाच बरा.

रात्रीची ड्यूटी करून सकाळी क्वार्टरवर यायचं आणि दिवसा झोपायचं. मे महिना, पत्रा तापलेला, कूलर घरघरतोय, बाहेर शंटिंग. झोप कसली! एका मित्राने मोबाइलमध्ये तंबोऱ्याचं ॲप टाकून दिलं. पट्टी बदलत बदलत एक दिवस तंबोऱ्याचा षड्ज कूलरच्या घरघरीला जुळला. सांगतो, त्यासारखी झोप आयुष्यात लागली नाही. कूलरचं पाणी कमी झालं की आवाज थोडा चढतो, मग तंबोराही अर्धा सूर चढवायचा. बायको म्हणते, लोक कूलरला पाणी घालतात, हे त्याला सूर लावतात.

नंतर मिरजेला नातेवाइकांकडे गेलो तेव्हा खरा तंबोरा जवळून पाहिला. त्याचे भोपळे पंढरपूरकडच्या शेतात पिकतात. कारागिराने जव्हारीवर, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीवर, तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकवला आणि तीच तार एकदम गुंजायला लागली. एवढ्याशा दोऱ्याने! मी तीन वेळा करून दाखवायला लावलं. चौथ्यांदा त्यांनी चहा मागवला.

नवापूर नाका

धडगावच्या भाऊंनी थोडक्यात आटोपलं, म्हणून मी जरा लिहितो. आम्ही कोकणा आदिवासी. आमच्या दोन वाद्यांबद्दल सपाटीवरच्या लोकांना फारसं माहीत नसतं.

एक पावरी. बांबू, भोपळा, वर मोरपिसांची सजावट. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या वेळी ती वाजते. वाजवणारा गाल फुगवून श्वास असा फिरवतो की आवाज तुटतच नाही. लहानपणी मी त्याच्या छातीकडे बघत बसायचो, हा श्वास घेतो केव्हा! माळकरी गोल धरून नाचतात आणि पावरीवाला मध्ये. पावरी थांबली की पायही थांबतात.

दुसरी थाळी. हे सांगितलं की लोकांना वाटतं ताट बडवत असतील. बडवत नाहीत. काशाची थाळी, तिच्या मध्यावर मेणाने एक सरळ काडी उभी चिकटवायची. बोटांच्या चिमटीत काडी धरून वरून खाली ओढत राहायचं. थाळी घुमते. मोठ्या भुंग्यासारखी, पण भुंगा उडून जातो, ही तिथेच राहते. त्या घुमाऱ्यावर कथा सांगायची, रात्र रात्र. राम-सीतेचीही. आमच्यातले राम-सीता शेती करतात, त्यामुळे कथेत पाऊस लांबला की ऐकणाऱ्यांचाही जीव खालीवर होतो.

माझे आजोबा सांगायचे. मी त्यांच्या मांडीला टेकून झोपायचो आणि मधेच जाग यायची ती आवाज बंद झाल्यामुळे. मेण सुटलेलं असायचं. आजोबा चुलीजवळ मेण मऊ करायचे, काडी पुन्हा उभी करायचे, तोवर बायका पुढचं विचारायच्या आणि आजोबा 'थाळीला विचारा' म्हणायचे. थाळीशिवाय एक शब्द पुढे सांगायचे नाहीत. मी पुढे नोकरीला लागलो तेव्हा मोबाइलवर रेकॉर्ड करू म्हटलं, पण मोबाइलच्या माइकने घुमारा पकडलाच नाही, नुसता आजोबांचा खोकला आला. तीच क्लिप आता माझ्याकडे आहे. खोकल्याच्या मागे, खूप मोठा आवाज केला तर, अगदी बारीक काहीतरी ऐकू येतं.

पांझराकाठ, धुळे

नवापूरचे दादा, ती क्लिप जपा. दुसऱ्या एका फोनमध्येही ठेवा.

दत्ताचा घोडा, शहादा

माणसांचंच चाललंय. सारंगखेड्याच्या यात्रेत ढोल वाजला की घोडे पाय उचलतात ते पाहिलंय का कुणी? दत्तजयंतीला या. गेल्या खेपेला एक पांढरी घोडी एका ढोलवाल्यावर नाचेना. दुसरा आला, तिसऱ्या ठोक्याला नाचली. पहिला ढोलवाला म्हणाला, 'तिले माह्यापेक्षा जास्त समजतं.'

कानबाईचा रोट, अमळनेर

उशीर झाला, सगळं वाचून काढलं. माझं वाद्य डफ.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. घरात भाऊबंद जमलेले, रोटाचं दळण झालेलं, पुरणाचा वास. रात्री वही, म्हणजे देवीची गाणी, गाणारे येतात. डफ, तुणतुणं, झांज. वहीत देवीचं सांगणं असतं, मधूनच गावातल्या कुणाची टिंगलही. पण श्रावणातली हवा ओली आणि डफ चामड्याचा. ओलीने चामडं सैल होतं, थाप मारली तर 'भद्'. म्हणून गाण्याआधी अंगणात कागद, पाचट पेटवून डफ शेकायचा. दूर धरला तर तापत नाही, जवळ नेला तर चामडं जळतं. डफवाला मधे मधे बोटाने टिचकी मारून कान लावतो. भद्, भद्, भद्. आणि मग एकदम 'टण्'. मला तो 'टण्' पुढच्या सगळ्या गाण्यापेक्षा जास्त आवडतो. आमची माय आतून ओरडायची, 'ऊना रे भो, डफ ऊना!' म्हणजे डफ लागला, आता चहा ठेवा.

एकदा ऐन वेळी कागद संपले आणि माझं सहावीचं भूगोलाचं पुस्तक त्यात गेलं. वर्ष नवीनच होतं, फार वाईट वाटलं नाही.

धुळ्याच्या ताई, तुम्ही या श्रावणात या. नवापूरचे जिभाऊ, तुम्हीही. रोट घरचा आहे, डफही आहे. शेकायला रद्दी मात्र येताना घेऊन या, आमच्याकडे आता पेपर मोबाइलवरच येतो.