बारावी झाली, पुण्यात इंजिनिअरिंगला चाललेय, सुरुवातीला काय काय सांभाळू?

सांगोल्याची_पोर

नमस्कार सगळ्यांना, पहिल्यांदाच इथं काही विचारतेय, आधी कुणी विचारलं असेल तर सॉरी.

मी सांगोला तालुक्यातली, घरी डाळिंबाची बाग. दहावीपर्यंत मराठी मीडियम, अकरावी बारावी सायन्स केलं पण आमचे सर सगळं मराठीतच समजावून सांगायचे, फक्त पुस्तक तेवढं इंग्रजी. कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश) दुसऱ्या राउंडला पुण्यात ई अँड टीसीला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनला, नंबर लागला. घरात इंजिनिअरिंगला जाणारी मीच पहिली. चुलत भाऊ आयटीआय करून चाकणला कंपनीत आहे, त्याला विचारलं तर म्हणतो मला काय माहीत तुमच्या कॉलेजचं, तू हुशार आहेस तुला जमतंय. आता हुशार म्हटल्यावर पुढं विचारताच येत नाही.

तर माझे प्रश्न असे की लेक्चर सगळं इंग्रजीत असतं ते कळंल का, लॅपटॉप आत्ताच घ्यायचा का (पप्पा म्हणतात बहार विकल्यावर बघू), कॉलेजचं हॉस्टेल नाही मिळालं तर मुलींनी राहायचं कुठं, आणि कागदपत्रं सगळी ऑनलाईन भरलीत मग अजून काय लागतं का. आई म्हणते दर शनिवारी घरी ये. एसटीचं तिकीट बायकांना अर्धं आहे म्हणून तिला वाटतं पुणं जवळच आहे.

परभणीकर_ईएनटीसी

ताई आधी अभिनंदन. मी पण ई अँड टीसीच, आता शेवटच्या वर्षाला, आणि जिंतूर साइडच्या मराठी शाळेतला, त्यामुळे तुझा पहिला प्रश्न मी माझाच समजून उत्तर देतो, बाकीचं बाकीचे सांगतील.

पहिले तीन आठवडे काहीच कळत नाही. खरंच काहीच नाही. सर बोलतायत, फळ्यावर काहीतरी येतंय, शेजारचा माना डोलावतोय आणि आपल्याला वाटतं आपण चुकून इथं आलोय. माझं झालं असं की विषय मला येत होता पण त्या नावाने येत नव्हता. त्वरण माहितीये, जडत्व माहितीये, विस्थापन माहितीये, पण समोरचा अॅक्सलरेशन, इनर्शिया, डिस्प्लेसमेंट असं धडाधडा बोलत सुटला की डोक्यात भाषांतर होईपर्यंत तो दोन वाक्य पुढे गेलेला असतो. अकरावी बारावीत हे शब्द वाचलेले असतात पण कानाने ऐकलेले नसतात ना, तिथं सगळी गोची आहे. मेकॅनिक्सला तर मोमेंट आणि मोमेंटम हे मी दोन आठवडे एकच समजत होतो. संवेग म्हणजे मोमेंटम हे पाठ होतं, मग सर नुसतं मोमेंट म्हणाले की मला वाटायचं शॉर्टमध्ये म्हणतायत. गणित सुटेचना. शेवटी रूममेटनी विचारलं तू हा संवेग कुठून आणतोय मध्येच.

मग मी एक केलं, वहीच्या शेवटच्या चार पानांवर रोज अडलेले शब्द लिहायला लागलो, इंग्रजी शब्द देवनागरीत आणि समोर शाळेतला मराठी शब्द. दिवाळीपर्यंत दीडशेच्या आसपास झाले असतील आणि त्यानंतर नवीन शब्द येणंच जवळजवळ बंद झालं. म्हणजे भीती इंग्रजीची वाटते पण प्रत्यक्षात असतात ते दीड दोनशे शब्द. बाकीचं इंग्रजी म्हणजे देअरफोर, हेन्स, कन्सिडर, अझ्यूम. ग्रामरचं कुणी विचारत नाही.

दुसरं, व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. पहिल्या व्हायवाला मी सरांना म्हणालो आय नो सर बट आय कान्ट टेल. अख्खी बॅच हसली. सर म्हणाले मराठीत सांग की मग. सांगितलं, मार्क पण दिले. सगळेच असे नसतात पण विचारून बघायला काही जात नाही. आणि २०२१ पासून एआयसीटीईने (इंजिनिअरिंग कॉलेजांना मान्यता देणारी केंद्राची संस्था) इंजिनिअरिंग प्रादेशिक भाषेत शिकवायला परवानगी दिलीये, पिंपरी चिंचवडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची मराठीतून बॅच सुरूही झाली, त्यामुळे मराठीत विचार करणं म्हणजे काही कमीपणा आहे हे डोक्यातून काढ.

लॅपटॉप आत्ता नको. प्रोग्रामिंगला कॉलेजची लॅब पुरते, खरी गरज सेकंड इयरला लागते. बहार विकल्यावर बघू हे पप्पांचं बरोबर आहे.

सेतूवाली_ताई

मी सेतू केंद्रात बसते, दरवर्षी जून जुलैमध्ये हीच रड बघते म्हणून लिहितेय. ऑनलाईन भरलं म्हणजे झालं असं अजिबात समजू नकोस.

शाळा सोडल्याचा दाखला ओरिजिनल कॉलेज ठेवून घेतं. द्यायच्या आधी त्याच्या दहा झेरॉक्स काढ आणि फोनमध्ये नीट स्कॅन कर, नुसता तिरका फोटो नाही. पुढे पडताळणीला, स्कॉलरशिपला, अगदी पासपोर्टलाही तोच बघायला मागतात आणि तेव्हा कॉलेजच्या ऑफिसात चकरा माराव्या लागतात.

राखीव जागेवर अॅडमिशन असेल तर जात पडताळणीचं काय झालं ते बघ. अर्जाची पावती जोडलीये म्हणून निवांत राहू नका, मुदत वाढवून मिळेल या आशेवर तर मुळीच नको. नॉन क्रिमिलेअरवर शेवटी ३१ मार्च तारीख असते, ती कुठल्या वर्षाची आहे ते स्वतःच्या डोळ्याने बघ. मागच्या वर्षी एका मुलीचं सर्टिफिकेट असंच संपलेलं निघालं आणि तिचे वडील तहसीलच्या पायरीवर बसून होते, मला अजून आठवतंय.

फीचं सांगते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सला ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण अॅडमिशन कॅपमधून हवं, मॅनेजमेंट कोट्याला नाही. तुझं कॅपमधूनच आहे म्हणजे कॅटेगरी बसत असेल तर विचार. मात्र डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस हे भरावंच लागतं. फी माफ म्हणून लोक मोकळ्या खिशाने येतात आणि काउंटरवर भांडतात.

महाडीबीटीचा (सरकारी स्कॉलरशिपची वेबसाइट) फॉर्म दरवर्षी नव्याने रिन्यू करावा लागतो. आणि पैसे तू फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जात नाहीत हं, आधारला जे खातं जोडलेलं असेल तिथं जातात. शाळेत असताना कुठल्यातरी बँकेत झिरो बॅलन्स खातं काढलेलं असतं, ते बंद पडलेलं असतं, आणि आधार तिथंच. जायच्या आधी बँकेत जाऊन एवढं एक करून घेच.

मजेत_रहा_ना

किती घाबरवताय राव पोरीला. फर्स्ट इयर हे मजा करायचं वर्ष आहे. अटेंडन्सचं सगळे नुसतं भीती दाखवतात, शेवटच्या पंधरा दिवसात अभ्यास करून सगळे पास होतात, मी पण झालो. ग्राफिक्स राहिलं होतं फक्त, आणि एम वन म्हणजे पहिलं गणित, आणि केमिस्ट्री.

परभणीकर_ईएनटीसी

दादा फक्त फक्त म्हणत तीन सांगितले तुम्ही.

मजेत_रहा_ना

निघाले की नंतर. आज नोकरी करतोय.

फळा_डस्टर

मी पुण्यात फर्स्ट इयरला गणित शिकवते, बारा वर्षं झाली. वरच्यांचं निघालं, आनंद आहे, पण माझ्या वर्गातल्या ज्यांचं नाही निघालं आणि वायडी झालं, म्हणजे वर्ष वाया गेलं, ते इथं लिहायला येत नाहीत, म्हणून मी लिहिते.

बाळ, ७५ टक्के हजेरीचं भीतीने नको बघूस. डिफॉल्टर लिस्टमध्ये, म्हणजे कमी हजेरीवाल्यांच्या यादीत, नाव आलं की जास्तीच्या असाइनमेंट लिहिण्यात तुझा सेमिस्टरचा शेवटचा महिना जातो, नेमका जो अभ्यासाला हवा असतो तो. एवढाच हिशोब आहे.

पण मला खरं वेगळं सांगायचंय, जे सीईटीवाल्या मुलांना कुणी सांगत नाही. तुम्ही दोन वर्षं कशाची तयारी केली तर ९० मिनिटात गणिताचे ५० प्रश्न, चार पर्याय, निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे उत्तर कुठला पर्याय असेल हे ओळखायचं, दोन पर्याय खोडायचे, उलटं टाकून बघायचं, नाहीच आलं तर ठोकून द्यायचं. त्यात तुम्ही तरबेज होता. आणि इथं आल्यावर मी एकच गणित देते आणि म्हणते पानभर सोडवून दाखव. पहिल्या टेस्टला नव्वद पर्सेंटाइलवाली मुलं चार ओळी लिहून उत्तर काढतात आणि दहापैकी तीन मार्क मिळाले की माझ्याकडे येतात, मॅडम उत्तर तर बरोबर आहे. अगं पण मार्क पायऱ्यांना आहेत! गृहीत काय धरलं, सूत्र कुठलं, लिमिट का बदललं हे लिहायचं. हात मोडलेला असतो तुमचा लिहिण्याचा. तर आत्ता जे पंधरा वीस दिवस मिळतील त्यात बारावीच्याच पुस्तकातलं इंटिग्रेशन आणि डेरिव्हेटिव्ह रोज दोन दोन गणितं पूर्ण लिहून काढ, बोर्डाच्या पेपरला लिहितो तशी. पुढचं पुस्तक आणून आधीच वाचायची काही गरज नाही.

आणि पहिल्या टेस्टला कमी पडले तर रडत घरी जाऊ नकोस, पेपर घेऊन स्टाफरूमला ये. सत्तर मुलांच्या वर्गातून पेपर दाखवायला दोन चार जण येतात, ती मला वर्षभर लक्षात राहतात. येणाऱ्यांत शहरातली मुलंच जास्त असतात, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं. तुमच्याकडची मुलं दाराशी घुटमळून परत जातात.

कॉट_बेसिस

राहायचं मी सांगते, चार वर्षात तीन रूम बदलल्यात.

कॉलेजच्या हॉस्टेलचा फॉर्म अॅडमिशनच्याच दिवशी भर, नंतर बघू म्हणालं की यादी लागून जाते. नाहीच मिळालं तर विद्यार्थी सहाय्यक समितीचं बघ, १९५५ पासूनची संस्था आहे, खेड्यातल्या मुलामुलींसाठीच, मुलाखत घेऊन घेतात. ते पण नाही झालं तर कॉट बेसिस. म्हणजे रूम भाड्याने न घेता एक कॉट घ्यायची, बाकी तिघी आधीपासून असतात. कॉलेजच्या भिंतीवर, झेरॉक्सच्या दुकानात चिठ्ठ्या चिकटवलेल्या दिसतील. फोनवर फोटो बघून टोकन म्हणून एक रुपया पण पाठवू नकोस, माझे गेलेत. रूम बघायला संध्याकाळी सातनंतर जा, दुपारी सगळ्याच गल्ल्या चांगल्या दिसतात. पाण्याची वेळ विचार, डिपॉझिट किती परत मिळणार आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं ते कागदावर घे.

मेस लावताना आधी दोन दिवस पैसे देऊन जेवून बघ मग महिन्याचे भर. खाडा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करणं, कसा धरतात ते विचारायचंच, काही ठिकाणी सलग तीन दिवस नसलीस तरच खाडा मिळतो, म्हणजे शनिवार रविवार घरी गेलीस तर पैसे पाण्यात. आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद असते हे पुण्यात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या रविवारी रात्री आठ वाजता कळतं.

पुस्तकं नवीन घेऊ नकोस, अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात, त्याहून स्वस्त म्हणजे सीनियरकडून. मेट्रोला विद्यार्थ्यांना ३० टक्के सवलत आहे, कार्ड काढून घे.

रॅगिंगचं तू विचारलं नाहीस पण आईच्या डोक्यात असणार. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याचा वेगळा कायदा आहे, अॅडमिशनला ते प्रतिज्ञापत्र भरून घेतात ते त्यासाठीच. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, नंबर सेव्ह करून ठेव. मला कधी लागला नाही.

दर शनिवारी घरी मात्र नको गं. मी पहिले दोन महिने जायचे, सोमवारी सकाळच्या एसटीने परत, पहिली दोन लेक्चर बुडायची आणि मुख्य म्हणजे रूममधल्या मुलींची मैत्री शनिवार रविवारीच होते, मी कायम पाहुणीच राहिले. आईला सांग गणपतीला येते.

सांगोल्याची_पोर

बापरे एवढं सगळं. खरंच थँक्यू सगळ्यांना. ताई आज बँकेत जाऊन आले, आधार खरंच पाचवीत असताना काढलेल्या खात्याला जोडलेलं निघालं, ते खातं कधीच बंद पडलंय! आता नवीन खात्याला जोडायचा फॉर्म दिलाय. नॉन क्रिमिलेअर पुढच्या मार्चपर्यंत आहे, बघितलं.

मॅडम मी काल दोन गणितं पूर्ण लिहायला घेतली तर खरंच हात चालंना, सगळं तोंडी येतंय पण लिहिताना मधली पायरी काय हेच आठवंना. आज चार केली.

आईला गणपतीचं सांगितलं, ती काही बोलली नाही, म्हणजे नाही पटलं. आणि पप्पा विचारतायत रविवारी संध्याकाळी मेस बंद तर मग पोरी खातात काय?

कॉट_बेसिस

वडापाव, भेळ, नाहीतर जिच्या घरून डबा आलाय तिचा डबा. तू सोलापूरची ना, शेंगाची चटणी दोन किलो आण. एक किलो तुझी, एक किलो रूमची.

परभणीकर_ईएनटीसी

आणि ग्राफिक्सच्या ड्रॉइंगला लागतो तो ड्राफ्टर विकत घेऊ नको, माझा पडून आहे. एक स्क्रू ढिला आहे फक्त. चटणीवर देतो.