मदत हवी आहे: स्वमग्न मुलाचं गहू-दूध बंद करावं का? पाचच पदार्थ खातो

नमस्कार मंडळी. आम्ही गुहागर तालुक्यात, किनाऱ्याजवळच्या गावात राहतो. मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, तीन वर्षांचा असताना स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) निदान झालं. आठवड्यातून एकदा एसटीने चिपळूणला ऑक्युपेशनल थेरपीला (रोजची कामं, खाणं, खेळणं जमावं म्हणूनचे उपचार) नेते. अजून शब्द नाहीत, पण हवं ते हात धरून दाखवतो.

महिन्याभरापूर्वी एका आहारसल्लागारांशी व्हिडिओ कॉल झाला. मुलाला नीट पाहिलंही नाही आणि म्हणाले, गहू, दूध, साखर उद्यापासून बंद करा, सहा महिन्यांत बोलायला लागेल. वर महिन्याला ४,५०० रुपयांच्या पावडरी. पावडरी घेतल्या नाहीत. पण "बोलायला लागेल" हे दोन शब्द काही केल्या डोक्यातून जात नाहीत. रात्री तो झोपला की तेच आठवतं.

आता अडचण सांगते. तो खातो पाच गोष्टी: घावन, मऊ भात, बांगडा, दूध आणि ग्लुकोजची बिस्किटं. घावनाला जाळी पडलेली हवी. करपलेला एक ठिपका दिसला तरी ताट सरकवतो. बांगडा रव्यात घोळवून तळलेलाच लागतो. आधी तुकडा कानाशी नेऊन नखाने खरवडतो, कुरकुरीत आवाज आला तरच तोंडात. बिस्किट तुटकं असेल तर रडारड. म्हणजे गहू आणि दूध बंद केलं की पाचातल्या तीन गोष्टी गेल्या, कारण बांगड्यावरचा रवाही गव्हाचाच. मग पोराला जगवायचं कशावर?

त्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. गेल्या पावसाळ्यात सुक्या बांगड्याचा वास आला की तो घराबाहेर पळायचा. त्या दोन महिन्यांत वजन दीड किलोने उतरलं होतं.

मी जमेल तेवढं वाचलं. या आहारामागची कल्पना अशी की गव्हातलं ग्लुटेन आणि दुधातलं केसीन ही प्रथिनं नीट पचत नाहीत, त्यांचे अर्धवट तुकडे आतड्यातून रक्तात जातात आणि मेंदूवर अफूसारखा परिणाम करतात. पण अमेरिकेत १४ मुलांवर झालेला, २०१६ साली छापून आलेला एक अभ्यास वाचला. मुलांना आधी काही आठवडे पूर्ण पथ्यावर ठेवलं, मग खाऊमधून कधी ग्लुटेन, कधी केसीन, कधी काहीच नाही असं दिलं. कोणता खाऊ कधी दिला हे आईवडिलांनाही माहीत नव्हतं. वागण्यात, झोपेत, पोटात काही फरक दिसला नाही. मुलं थोडीच होती हे खरं. तरी मनात येतं, दुसरीकडे कुणाच्या मुलाला खरंच गुण आला असेल तर? आपण न करून त्याचं नुकसान तर करत नाही ना?

घरात दोन मतं आहेत. हे म्हणतात, करून बघायला काय जातं. सासूबाई म्हणतात, आपण कोकणातली माणसं तांदूळ-नाचणीच खातो, बंद काय करायचंय? त्यांचं अर्धं खरं आहे. भाकरी, आंबोळी, शिरवाळे, उकडीचे मोदक, कशातच गहू नाही. पण त्याला यातलं घावनाशिवाय काहीच चालत नाही. दुधाऐवजी नारळाचं दूध द्या असंही सुचवलं गेलं. नारळाच्या दुधात कॅल्शियम आणि प्रथिनं फारशी नसतात, हे मला थेरपीला येणाऱ्या दुसऱ्या एका आईकडून कळलं. नाहीतर मी सुरूही केलं असतं.

माझे प्रश्न:
हा आहार कुणी मनापासून पाळून पाहिला आहे का? काय दिसलं, काय नाही, खरं सांगा.
बंद करायच्या आधी कुठल्या तपासण्या करायच्या?
खाण्यात एखादी सहावी गोष्ट कशी आणायची? आणि पावसाळ्यात बांगड्याचं काय करू?

प्रतिसाद, वेंगुर्ल्याहून

ताई, माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे. आम्ही आठ महिने गहू-दूध पूर्ण बंद ठेवलं होतं. हिंगसुद्धा बदलला, कारण बाजारातल्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो. बोलण्यात फरक पडला नाही. वजन मात्र घटलं, आणि मी चोवीस तास तिच्या ताटावर नजर ठेवून दमून गेले.

पहिली गोष्ट, ग्लुटेनने आतड्याला इजा होते त्या सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी (टीटीजी) गहू चालू असतानाच करून घ्या. बंद केल्यावर केली तर आजार असूनही तपासणीत दिसत नाही. आम्ही उलट्या क्रमाने केलं आणि तपासणीसाठी तिला पुन्हा कित्येक आठवडे चपाती भरवावी लागली. सिलिअ‍ॅक किंवा दुधाची अ‍ॅलर्जी निघाली तर पथ्य पाळावंच लागेल, तो प्रश्न वेगळा. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि व्हिटॅमिन डी बघा.

दूध दिवसाला किती पितो ते मोजा. आमची लिटरभर प्यायची. पोट दुधानेच भरायचं, त्यात बद्धकोष्ठ आणि रक्तात लोह कमी. डॉक्टरांना विचारून अर्ध्या लिटरवर आणलं तेव्हा भूक लागायला लागली.

सहावी गोष्ट नवीन नको, जुन्यातूनच काढा. घावनाच्या पिठात चिमूटभर नाचणीचं पीठ घाला, रंग बदलणार नाही इतकंच. आठ दिवसांनी अजून चिमूट. त्याने ओळखलं तर एक पाऊल मागे या, रागावू नका. आम्हाला पाव वाटीपर्यंत यायला चार महिने लागले. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेव्हा हा वेळ फुकट जात नाही. बांगड्याला तांदळाचा जाडसर रवा लावून बघा, आवाज तसाच येतो.

आणि बांगडा मे महिन्यातच साफ करून, तुकडे करून फ्रीजरला ठेवा. पण बंदी लागायच्या आधी त्यातला एखादा आत्ताच तळून द्या. ताजा मिळतोय तोवर गोठवलेल्याची चव ओळखीची झाली पाहिजे, १ जूनला एकदम दिलात तर नाकारेल.

धागाकर्ती

ताई, खूप आभार. टीटीजीचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. गुरुवारी थेरपीला जाऊ तेव्हा तिथल्या बालरोगतज्ज्ञांना विचारून रक्त देऊन येते, तोवर गहू-दूध आहे तसंच चालू ठेवते.

दूध आज मोजलं. नऊशे मिली भरलं.

तांदळाचा रवा दळायला काढलाय. उद्या सकाळी धक्क्यावरून बांगडे आणते, चार तळायला आणि सहा फ्रीजरला. कानाशी नेऊन काय करतो ते इथेच कळवते. बाकीच्यांनीही आपले अनुभव लिहा, विशेषतः गणपतीत चाकरमानी घरी आले की बिस्किटांचे पुडे कसे आवरता ते.